नाकाला न कळणारा धूर

७ जून २०२३ला मी न्यू जर्सीत धाकट्या बहिणीकडे होते. दुपारी दोनच्या सुमाराला घरात दिवे लावावे लागले. आकाश हळदीत चुना कालवल्यासारखं झालं होतं. समोरच्या घराच्या भिंती, अंगणातली गाडी, मेपलची पानं, सगळं त्याच एका रंगात बुडालेलं. धुळवडीच्या सकाळी गावात जो वास रेंगाळतो, साधारण तसा वास दाराच्या फटीतून आत येत होता. रात्री साताऱ्याहून आईचा फोन आला. तिकडे सकाळ झाली होती आणि टीव्हीवर न्यूयॉर्क दिसत होतं. "लाकडाचाच धूर ना गं? मग एवढं काय घाबरायचं? आमचा जन्म चुलीपुढं गेला."

पुढच्या दोन दिवसांत अशी बरीच वाक्यं कानावर आली. शेजारी, नातेवाईक, बहिणीच्या मैत्रिणी, सगळे आपापल्या परीनं धीर देत होते. पण त्यातलं बहुतेक चुकीचं होतं, आणि काही गोष्टी तर चांगल्याच अंगाशी येण्यासारख्या. अमेरिकेत आणि कॅनडात आता कितीतरी मराठी घरं आहेत. उन्हाळ्यात आईवडील सहा-सहा महिने मुलांकडे राहायला जातात. त्यांच्यासाठी आणि इथून फोनवर सल्ले देणाऱ्या आपल्यासाठी हे नीट लिहून ठेवावंसं वाटलं.

"जवळच कुठंतरी पेटलं असणार"

शेजारचे गृहस्थ गच्चीवरून चारी दिशांना पाहून आले. जवळ काहीच पेटलेलं नव्हतं. आगी कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात होत्या. त्या आगींमुळे शिबूगामू नावाचं गाव आदल्याच दिवशी रिकामं करावं लागलं होतं. तिथून न्यूयॉर्क हवाई मार्गानं सुमारे हजार किलोमीटर. आपल्या नकाशावर मोजायचं तर पुणे ते आग्रा. आग्र्याला रान पेटावं आणि पुण्यात भरदुपारी दिवे लावावे लागावेत, असा तो प्रकार होता.

एवढा धूर एवढ्या लांब येतो कसा, हे कळायला आपल्याकडचा वणवा आणि तिकडची आग यांतला फरक पाहावा लागतो. सह्याद्रीत फेब्रुवारी ते मे या काळात जे डोंगर पेटतात, तिथं मुख्यतः वाळलेलं गवत आणि पालापाचोळा जळतो. आग जमिनीलगत सरकते आणि तिचा धूर फार उंच चढत नाही. कॅनडाच्या उत्तरेकडच्या जंगलात स्प्रूससारखी चिकाळ, सुईच्या पानांची झाडं असतात. तिथं आग शेंड्यावरून शेंड्यावर उडी मारते आणि खाली शेवाळ व कुजलेल्या पानांचा जाड थरही धुमसत राहतो. त्या उष्णतेनं धूर काही किलोमीटर उंच फेकला जातो. वर वारे वेगवान आणि वाट मोकळी. जूनच्या त्या आठवड्यात कॅनडाच्या पूर्व किनाऱ्याजवळ कमी दाबाचं क्षेत्र ठाण मांडून होतं. उत्तर गोलार्धात अशा क्षेत्राभोवती वारा घड्याळाच्या उलट दिशेनं फिरतो. त्यामुळे त्याच्या पश्चिमेच्या बाजूनं वारा थेट उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहत होता. क्वेबेकचा धूर त्या घसरगुंडीवरून खाली आला.

तो न्यूयॉर्कलाही थांबला नाही. त्याच महिन्यात कॅनडाचा धूर अटलांटिक ओलांडून नॉर्वेत आणि पुढे स्पेन-पोर्तुगालवर नोंदवला गेला. ऑस्ट्रेलियात २०१९-२०च्या उन्हाळ्यात लागलेल्या आगींचा धूर न्यूझीलंडवरून दक्षिण अमेरिकेपर्यंत गेला, आणि त्यातला जो भाग वातावरणाच्या वरच्या थरात शिरला त्यानं पृथ्वीला फेरी मारली.

हे सगळं आत्ताच घडायला लागलंय, असंही नाही. सप्टेंबर १९५०मध्ये कॅनडाच्या पश्चिमेकडच्या आगीचा धूर पूर्वेकडे सरकला, तेव्हा ऑन्टारिओत आणि अमेरिकेच्या ईशान्य भागात भरदुपारी दिवे लागले. दोन दिवसांनी स्कॉटलंडमध्ये लोकांना सूर्य चक्क निळा दिसला. अणुबॉम्बच्या धास्तीचे दिवस होते ते, माणसं भेदरून गेली. कारण मात्र साधं होतं. धुरातले कण जवळजवळ एकाच आकाराचे असले आणि तो आकार एक मायक्रॉनच्या आसपास असला, तर निळ्यापेक्षा तांबडा प्रकाश जास्त विखुरला जातो आणि आपल्यापर्यंत निळा उरतो. त्याही आधी, १९ मे १७८०ला, न्यू इंग्लंडमध्ये दुपारी इतका काळोख झाला होता की लोकांना कयामत आल्यासारखं वाटलं. पुढे सव्वादोनशे वर्षांनी ऑन्टारिओतल्या झाडांच्या खोडांमधली वर्तुळं अभ्यासली गेली, तेव्हा त्या काळच्या वणव्याची खूण सापडली.

"वास येत नाही ना, मग झालं"

सर्वांत घातक समज हाच, असं मला वाटतं, कारण तो अगदी शहाणपणाचा वाटतो. ८ जूनला सकाळी वास बराच कमी झाला होता. बहिणीचा मुलगा सायकल काढायला निघाला. तिनं फोनवर हवेचा निर्देशांक पाहिला, तर तो अजून अपायकारक पट्ट्यातच होता. मुलगा हिरमुसून परत आला.

धुराचा वास ज्या पदार्थांमुळे येतो, ते बाष्परूपात हवेत असतात. प्रवासात, विशेषतः उन्हात, त्यांचं रासायनिक रूप बदलतं आणि वास उडत जातो. शिवाय नाक फार लवकर सरावतं. उदबत्तीच्या दुकानात पाच मिनिटं उभं राहिलं की वास जाणवेनासा होतो, तसंच हे. खरा त्रास देणारे सूक्ष्म कण मात्र तितक्या सहज नाहीसे होत नाहीत. पीएम २.५ म्हणतात ते हेच, म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. वणव्याच्या धुरातले बहुतेक कण तर एक मायक्रॉनहूनही लहान असतात. नाकातले केस आणि घशातला ओलावा मोठी धूळ अडवतात, पण हे कण थेट फुफ्फुसाच्या शेवटच्या वायुकोशांपर्यंत पोचतात. त्यातले अतिसूक्ष्म कण रक्तातही उतरू शकतात. म्हणूनच धुराच्या दिवसांत दम्याच्या रुग्णांइतकीच हृदयविकार असलेल्यांचीही काळजी घ्यावी लागते.

लांबचा प्रवास धुराला पातळ करतो, हे खरं. पण तो त्याला निरुपद्रवी करत नाही. वाटेत सूर्यप्रकाशात त्यातल्या वायूंपासून ओझोन तयार होतो. जमिनीलगतचा ओझोन श्वासनलिकेला झोंबतो, आणि तो कधी कधी आगीजवळ असतो त्यापेक्षा लांबवर जास्त सापडतो. २०२३च्या उन्हाळ्यात कॅनडाचा धूर अमेरिकेवर आला त्या दिवसांत दम्यासाठी तातडीच्या विभागात येणाऱ्या रुग्णांची संख्या अपेक्षेपेक्षा १७ टक्क्यांनी जास्त होती, अशी नोंद तिथल्या रोगनियंत्रण केंद्रानं केली. यातल्या कितीतरी लोकांच्या शहरापासून आग शेकडो मैल दूर होती.

पाऊस पडला की हवा धुऊन निघते, असंही एक जण म्हणाले. मोठी धूळ धुऊन निघते खरी. पण पडत्या थेंबाच्या तावडीतून सर्वांत सहज निसटतात ते नेमके या आकाराचे कण. एखाद्या सरीनं फारसं काही होत नाही. वाऱ्याची दिशा बदलणं जास्त कामाचं.

डोळाही असाच फसवतो. ९ सप्टेंबर २०२०ला सॅन फ्रान्सिस्कोचं आकाश दिवसभर नारिंगी होतं. ते फोटो जगभर गेले. त्या दिवशी धूर मुख्यतः उंचावर होता. खाली समुद्रावरून आलेल्या थंड, धुकट हवेचा थर होता, त्यामुळे जमिनीलगतची हवा त्या मानानं बरी होती. नंतरच्या दिवसांत नारिंगी रंग गेला, आकाश नुसतं करडं दिसू लागलं, लोकांना हायसं वाटलं, आणि नेमकी तेव्हाच हवा खरी बिघडली, कारण धूर खाली उतरला होता. न्यूयॉर्कमध्ये मात्र रंग आणि विष एकत्रच खाली आलं. ७ जूनला तिथला निर्देशांक ४००च्या पुढे गेला आणि समोरचं दिसेना म्हणून लागार्डिया विमानतळाकडे येणारी विमानं काही काळ रोखावी लागली.

"लाकडाचाच धूर ना? आम्हाला सवय आहे"

आता आईच्या वाक्याकडे येते. तिच्याशी वाद घालणं अवघड, कारण ती खोटं बोलत नव्हती. आजीनं चाळीस-पन्नास वर्षं चूल फुंकली. पण आजी शेवटची दहा वर्षं जिना चढू शकत नव्हती, आणि घरात कुणीही कधी विडी ओढली नव्हती, हेही तितकंच खरं. आम्ही त्याला "वयाचा दम" म्हणायचो.

तेव्हा पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनमध्ये असलेले डॉ. संदीप साळवी यांनी २००९मध्ये पीटर बार्न्स यांच्यासोबत 'लॅन्सेट'मध्ये एक निबंध लिहिला. धूम्रपान न करणाऱ्यांना सीओपीडी, म्हणजे श्वासमार्ग कायमचा आकसत जाण्याचा आजार, का होतो, हा त्याचा विषय. त्या वेळी जगात तंबाखू ओढणारे सुमारे शंभर कोटी होते, तर लाकूड, शेणी, काटक्या यांचा धूर घेणारे सुमारे तीनशे कोटी. तेव्हा या आजाराचं जगातलं सर्वांत मोठं कारण तंबाखू नसून हाच धूर असू शकेल, असं त्यांनी मांडलं. फुफ्फुसांना धुराची सवय होत नाही. खोकला येईनासा होतो आणि आपण त्याला सवय म्हणतो. आत साचत जायचं ते साचतच राहतं.

"नैसर्गिक" या शब्दानंही अशीच फसगत होते. लाकूड जळताना बेन्झिन, फॉर्माल्डिहाइड, अॅक्रोलीन अशी रसायनं निघतात. गाडीच्या धुराशी त्याची तुलना करायची तर दक्षिण कॅलिफोर्नियातला २०२१मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहावा. हवेत सूक्ष्म कण तेवढ्याच प्रमाणात वाढले, तरी ते वणव्याचे असले तर श्वसनविकारासाठी रुग्णालयात दाखल होणाऱ्यांची वाढ इतर स्रोतांच्या कणांपेक्षा कितीतरी जास्त, काही अंदाजांत दहापटीपर्यंत, दिसली. आणि वणव्यात नुसतं लाकूड जळतं असंही नाही. नोव्हेंबर २०१८मध्ये कॅलिफोर्नियातलं पॅराडाइज हे गाव जळलं. १८ हजारांहून अधिक इमारती गेल्या, ८५ माणसं मेली. घरांबरोबर रंग, तारा, प्लास्टिक, गाड्या सगळं पेटलं, आणि त्या धुरातलं शिसं सुमारे २४० किलोमीटरवरच्या हवेत सापडलं.

"दारं-खिडक्या लावल्या, आता घरात बिनघोर"

खिडक्या लावणं योग्यच. पण कुठलंही घर हवाबंद डबा नसतं. फटींतून, स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्टमधून, ड्रायरच्या नळीतून हवा येत-जात राहते. काही तासांनी बाहेरचे बरेच कण आत आलेले असतात. बाहेरची हवा आत ओढणारा एसी असेल तर त्याची ती झडप बंद करावी लागते. आपल्याकडच्या स्प्लिट एसीचा प्रश्न वेगळा. तो घरातलीच हवा फिरवतो आणि त्याची जाळी धूळ अडवते, धूर नाही. एसी लावला म्हणजे हवा स्वच्छ झाली, हा समज भारतातही घट्ट आहे.

मग आपणच आत धूर करायचा नाही. मराठी घरात हे बोलायला नाजूक. बहिणीच्या सासूबाई रोज संध्याकाळी देवापुढं निरांजन आणि दोन उदबत्त्या लावतात. खिडक्या बंद, पंखा बंद, शेगडीवर जिरं-मोहरीची फोडणी आणि देवघरात उदबत्ती, म्हणजे बाहेरचा धूर थोपवून घरचा भरून घेणं. बहीण घुटमळत म्हणाली, "आई, आजच्या दिवस उदबत्ती राहू द्या का?" सासूबाई क्षणभर गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "फूल वाहिलं तरी पोचतं त्याला." त्या दिवशी तळण झालं नाही, मऊ खिचडी झाली. मच्छर कॉइलचा हिशेब तर आणखी वाईट. एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींएवढे असतात, असं २००३मधल्या एका मोजणीत आढळलं होतं. व्हॅक्यूम क्लीनरनंही बसलेली धूळ पुन्हा उडते.

सगळं घर स्वच्छ ठेवायच्या नादात न पडता एक खोली धरावी, शक्यतो झोपायची. तिथं हेपा फिल्टरचं यंत्र लावावं. ते नसेल तर अमेरिकेत मिळणाऱ्या चौकोनी पंख्याच्या मागं मर्व्ह-१३ दर्जाचा फिल्टर चिकटवूनही बरंच साधतं. रिचर्ड कॉर्सी आणि जिम रोझेनथाल यांनी २०२०मध्ये चार-पाच फिल्टरांचं खोकं करून वर पंखा बसवायची युक्ती रूढ केली. बहिणीकडे घर गरम करणाऱ्या यंत्रासाठी आणलेला एकच जादा फिल्टर होता, तो आम्ही चिकटपट्टीनं पंख्याला लावला. पंखा जुना मात्र नसावा, आणि तो तसा चालू ठेवून घर सोडून जाऊ नये. तिसऱ्या दिवशी काढलेल्या त्या पांढऱ्या फिल्टरचा रंग पाहून आम्ही दोघी काही वेळ काहीच बोललो नाही. कुंडीतली झाडं हे काम करत नाहीत. त्यांचा वेग इतका कमी असतो की खोलीत अरण्य वाढवावं लागेल.

तोंडाला ओला रुमाल, ओढणी, कापडी किंवा सर्जिकल मास्क यांनी हे कण अडत नाहीत. कापडाची वीण त्यांना दरवाजासारखी असते, आणि कडेनं हवा शिरतेच. एन-९५ मास्क चेहऱ्याला नीट चिकटून बसला तर उपयोगी पडतो. दाढी असेल तर तो बसत नाही. वायू मात्र त्यानंही अडत नाहीत, म्हणून एन-९५ लावून पळायला जाणं बरोबर नाही. कष्टाच्या कामात माणूस एरवीपेक्षा कितीतरी पट हवा आत घेतो.

"गूळ खा, छाती साफ होईल"

हा सल्ला फोनवर तीन वेगवेगळ्या माणसांनी दिला. गिरणीत, पिठाच्या चक्कीवर, खाणीत काम करणाऱ्यांना गूळ देण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे, आणि तिला निव्वळ अंधश्रद्धा म्हणून झटकून टाकायला माझं मन होत नाही. लखनौच्या औद्योगिक विषशास्त्र संशोधन केंद्रात या समजाची खरोखर तपासणी झाली होती. १९९४मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात गूळ दिलेल्या उंदरांच्या फुफ्फुसांतून धुळीचे कण काहीसे जास्त हललेले दिसले. पण प्रयोग उंदरांवरचा होता. त्या आधारावर माणसाला वणव्याच्या धुरापासून गूळ वाचवेल, असं म्हणता येत नाही. गूळ अन्ननलिकेतून जातो, धूर श्वासनलिकेतून. गरम पाणी, हळदीचं दूध यांनी घशाला आराम पडतो, आणि तेवढ्यासाठी ते जरूर घ्यावं. दम्याचा पंप बाजूला ठेवून घेऊ नये.

"आमच्याकडे निर्देशांक इतका असतोच की"

पुण्या-मुंबईचा आकडा आणि न्यू जर्सीचा आकडा शेजारी ठेवून लोक बोलत होते. दोन्ही देशांच्या पट्ट्या वेगळ्या आहेत. हवेत घनमीटरमागे ५० मायक्रोग्रॅम सूक्ष्म कण असतील तर भारतीय निर्देशांक साधारण ८३ येतो आणि त्याला "समाधानकारक" म्हणतात. त्याच हवेचा अमेरिकी आकडा सुमारे १३७ येतो आणि तिथं ती संवेदनशील लोकांसाठी अपायकारक ठरते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१मध्ये चोवीस तासांची मर्यादा १५ मायक्रोग्रॅम सुचवली आहे. तेव्हा तुलना करायचीच तर मायक्रोग्रॅमची करावी. तशी केली की आपल्या शहरांबद्दल समाधान वाटायचं काही कारण उरत नाही.

"कुणीतरी मुद्दाम लावल्या, आणि विझवतही नाहीत"

क्वेबेकमध्ये एकाच वेळी अनेक ठिकाणी धूर उठल्याची उपग्रहाची चित्रफीत तेव्हा फिरत होती. तिच्याखाली कटाच्या कहाण्या. प्रत्यक्षात १ आणि २ जूनला कोरड्या पडलेल्या जंगलावर विजा कोसळल्या आणि शंभराहून अधिक आगी लागल्या. वीज पडलेल्या जागी आग आधी धुमसते. ऊन-वारा वाढला की सगळीकडे एकदम उसळते. एका माणसानं त्या वर्षी क्वेबेकमध्ये १४ आगी लावल्याचं पुढे न्यायालयात कबूल केलं, हे खरं आहे. पण त्या प्रांतात जळालेल्या जंगलाचा जवळजवळ सगळा भाग विजेच्या आगींनी जळाला. लागोपाठच्या उष्ण, कोरड्या दिवसांनी तशी परिस्थिती तयार झाली होती, आणि हवामानबदलामुळे तिची शक्यता किमान दुप्पट झाली होती, असा वर्ल्ड वेदर अॅट्रिब्युशन या शास्त्रज्ञांच्या गटाचा निष्कर्ष आहे.

विझवण्याचं म्हणाल तर त्या वर्षी कॅनडात सहा हजारांहून अधिक आगी लागल्या आणि सुमारे दीड कोटी हेक्टर जंगल जळालं. महाराष्ट्राचं एकूण क्षेत्रफळ तीन कोटी आठ लाख हेक्टर आहे. जवळपास निम्मा महाराष्ट्र, आणि तोही रस्ते नसलेला. परदेशांतून हजारो अग्निशामक मदतीला आले. ते गावं आणि माणसं वाचवायला धावले. निर्जन उत्तरेतल्या कित्येक आगींवर फक्त लक्ष ठेवणं शक्य होतं. त्या आगींतून हवेत गेलेला कार्बन इतका होता, की इंधन जाळून वर्षभरात त्याहून जास्त सोडणारे देश तीनच आहेत, चीन, अमेरिका आणि भारत. बर्फ पडला की सगळं विझेल, ही आशाही पुरी झाली नाही. २०२४ उजाडलं तेव्हा ब्रिटिश कोलंबिया आणि अल्बर्टात शंभराहून अधिक आगी बर्फाखाली, कुजलेल्या मातीच्या थरात धुमसत होत्या.

"धूर गेला तरी आठवडाभर काही उघडू नका"

हा सल्ला शेवटी आला, आणि आधीच्या सगळ्या भीतीतून आला असल्यानं आम्हाला पटलाही होता. पण बाहेरची हवा सुधारली की आत अडकलेली हवाच जास्त वाईट असते. पडदे, गाद्या, सोफा यांनीही धुरातले पदार्थ शोषलेले असतात, ते हळूहळू सोडतात. आकडा खाली आला की घर उघडायचं, फरशी ओल्या फडक्यानं पुसायची, फिल्टर बदलायचा.

वारा फिरला होता. सकाळी बहिणीनं आधी फोनवर हवेचा आकडा पाहिला, मग मला दाखवला. आकडा हिरव्या पट्ट्यात होता. तिनं एकेक करून सगळ्या खिडक्या वर केल्या. सासूबाईंनी देवघरात निरांजन लावलं. उदबत्तीचा पुडा हातात घेतला, थोडा वेळ धरून ठेवला आणि परत फडताळात ठेवून दिला.